जीनोमिक्स शिकायला निघण्यापूर्वी
पदवी रसायनशास्त्राची असताना जीनोमिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परदेशी यायचे असेल, तर आधी काय शिकून यावे, असे तुम्ही विचारले आहे. मीही याच वाटेने इकडे आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जनुकशास्त्र एकेका जनुकाचा माग काढते, तर जीनोमिक्समध्ये पेशीतील सगळा डीएनए, म्हणजेच जीनोम, एकत्र वाचला जातो. मानवी जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज बेसजोड्या (डीएनएच्या ‘अक्षरांच्या’ जोड्या) असल्या, तरी प्रथिने घडवणारी जनुके २०,०००च्या आसपासच आहेत आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रथिनांत उतरणारा भाग जेमतेम दीड टक्का भरतो. उरलेला सगळाच कामाचा आहे असे नाही. पण कोणते जनुक कुठे आणि किती चालायचे, हे ठरवणारे क्रम बहुतांशी त्यातच असल्यामुळे त्याला सरसकट कचरा म्हणण्याची सवय सोडलेली बरी.

शरीरातल्या बहुतेक पेशींचा डीएनए जवळपास सारखाच असतो, जनुकांवरून उतरवली जाणारी प्रत, म्हणजे आरएनए, मात्र ऊतीगणिक, कधीकधी तासागणिक बदलतो. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टोमिक्समध्ये, म्हणजे पेशीतील आरएनएच्या अभ्यासात, नमुना केव्हा घेतला आणि किती लवकर गोठवला, यावर निष्कर्षाची भिस्त असते. प्रोटिओमिक्समध्ये, म्हणजे प्रथिनांच्या अभ्यासात, मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचे वस्तुमान मोजून ते ओळखण्याचे तंत्र) लागते. तिथे तुमची पदवी कामी येईल.

निम्म्याहून अधिक वेळ संगणकासमोर जातो, हे मला येण्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. डीएनए वाचणाऱ्या यंत्राकडून मिळणाऱ्या फास्टक्यू फाईलमध्ये प्रत्येक वाचनाच्या, म्हणजे वाचलेल्या तुकड्याच्या, चार ओळी असतात : नाव, क्रम, अधिकचे चिन्ह (+) आणि प्रत्येक बेसची गुणवत्ता. गुणवत्ता ३० म्हणजे हजारात एक चूक अपेक्षित. जीनोममधील भाग नोंदवणाऱ्या बेड फाईलमध्ये स्थाने शून्यापासून मोजतात, तर सापडलेले बदल नोंदवणाऱ्या व्हीसीएफ फाईलमध्ये एकापासून. हे ठाऊक नसल्याने पहिल्याच सत्रात मी नोंदवलेल्या सगळ्या उत्परिवर्तनांची (डीएनएतील बदलांची) स्थाने एका बेसने सरकली आणि दोन आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. संदर्भ जीनोमची, म्हणजे तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण क्रमाची, आवृत्तीही अशीच फसवते : मानवी संदर्भ जीनोमच्या जीआरसीएच ३७ या आवृत्तीमधील स्थान ३८ मध्ये तेच राहीलच असे नाही.

तेव्हा लिनक्सची कमांड लाईन आणि आर किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रामिंग भाषा हाताखालून घाला. वाचलेल्या क्रमांच्या एसआरए या खुल्या संग्रहातून ई. कोलाय या जिवाणूचा एखादा संच उतरवून घ्या. त्याचा जीनोम सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचाच असल्याने साधा लॅपटॉपही पुरतो. तो संच संदर्भ जीनोमशी जुळवून पाहा आणि कुठे अडलात ते मला कळवा.