शिगम्यानंतर बाग उघडी का पडते?

प्रश्न : फोंड्याजवळ घरापुढे वीस बाय तीस फुटांची जागा आहे. पावसात तेरडा, हळद, सोनटक्का यांची इतकी गर्दी होते की पाय ठेवायला जागा उरत नाही. शिगमो आला की नुसती लाल माती. बारा महिने बाग भरलेली दिसायला काय लावावं?

उत्तर : तेरडा एका पावसाचा सोबती. हळद आणि सोनटक्का पाणी तुटलं की कंदात परततात. तिन्ही राहू द्या, पण निम्मी जागा सदाहरित झुडपांना द्या.

कुंपणालगत दोन-दोन फुटांवर कुंती लावा. कात्री फिरत राहिली की ती दाट होते. तिच्यापुढे दीड फुटावर एक अशी पिटकोळी (इक्सोरा). भर उन्हाळ्यातही तिची पानं टिकतात. फक्त जोत्यापासून अडीच फूट दूर ठेवा. सिमेंट-चुन्याचा अंश मातीत उतरला की तिला लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

कोपऱ्यात एक देवचाफा हवाच. हिवाळ्यात तो पानं टाकतो, पण त्याच्या जाड राखाडी फांद्याच तेव्हा बागेला आकार देतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या टोकांवर फुलं येतात. म्हणून तो पांढऱ्या भिंतीपुढे नको, कुंतीच्या गर्द हिरव्यापुढे लावा. बकुळ कितीही आवडली तरी एवढ्या जागेत नको. काही वर्षांत सगळं ऊन तीच घेईल.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. खाली जांभा लागला तर तळ पहारीने फोडा. मग संध्याकाळी खड्डा पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथे झाड लावू नका, पावसात मुळं कुजतील. तिथे लावायचंच असेल तर चिऱ्यांचे दोन थर रचून वाफा उंच करा. दोन भाग मातीला एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घाला. कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

लागवड चतुर्थी उरकल्यावर करा. पावसाचा जोर ओसरलेला असतो, मातीत ओल असते. दिवाळीनंतर पहिला उन्हाळा संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा, झाडाला दहा लिटर पाणी. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच राहतात. बुंध्याभोवती तीन इंच पालापाचोळा पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. चाफ्याला मात्र पाणी बेतानंच.

प्रश्न : मडगावला गच्चीवर कुंडीत बोगनवेल आहे. रोज पाणी, महिन्याला शेणखत. तरी पानंच पानं.

उत्तर : लाडच जास्त होतायत. पाऊस संपला की शेणखत थांबवा आणि वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या. निदान सहा तास थेट ऊन हवं. बहर नव्या फांदीच्या टोकाला येतो (रंगीत दिसतात ती पानंच, खरं फूल म्हणजे आतली बारीक पांढरट नळी), त्यामुळे नोव्हेंबरात छाटलंत तर बहरच कापला जातो. छाटणी जूनमध्ये, बहर सरल्यावर.