कारखान्यातलं रसायन अंगात किती मुरतं, हे मोजतात कसं?

हवेतलं प्रमाण मोजलं की काम झालं का, असं कुणी विचारेल. नाही, ते अर्धंच उत्तर. डायमिथाइलफॉर्मामाइडसारखं द्रावक कातडीतूनही सहज आत जातं. हवा स्वच्छ दिसते आणि बिनहातमोज्याचा कामगार मात्र डोस घेत राहतो.

कातडीसाठी फ्रान्झ सेल वापरतात. काचेच्या दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा पातळ तुकडा ताणून बसवायचा, वर रसायन, खाली द्रव, तापमान साधारण ३२ अंश. मग साधारण २४ तास ठरावीक वेळाने खालच्या द्रवाचे नमुने काढायचे. कातडीत अडकून राहिलेलं रसायनही बहुधा ‘शोषलेलं’ धरतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं. प्रयोगच नसेल तर आधी रेणूभार आणि तेलात-पाण्यात विरघळण्याचं गुणोत्तर बघतात. ५०० च्या वर रेणूभार असलेले रेणू सहसा कमी शिरतात.

प्रत्यक्ष कामगारात मात्र लघवी बोलते. टोल्युइन या द्रावकासाठी पूर्वी लघवीत हिप्युरिक आम्ल तपासत, जे शरीर टोल्युइनपासून बनवतं; पण सोडियम बेन्झोएट हे टिकवणारं रसायन घातलेलं सरबत प्यायलं तरी ते वाढतं! म्हणून आता कामाची पाळी (शिफ्ट) संपताना ऑर्थो-क्रेसॉल हा टोल्युइनपासून शरीरात बनणारा दुसरा पदार्थ बघणं बरं. नमुना घेण्याआधी हात धुवायला लावा, नाहीतर बोटांवरचंच रसायन बाटलीत जायचं.