खुबा दुखतोय? ऑपरेशनआधी हे करून बघा

ताई, आधी दुखतं नेमकं कुठे ते पाहा. जांघेत दुखत असेल तर बहुधा सांध्याचं. बाहेरच्या बाजूला, त्या कुशीवर झोपताना दुखत असेल तर बहुतेकदा स्नायूबंधाचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्याचं. उपचार त्यावर ठरतात, म्हणून तपासणी आधी.

माझी सांध्याची झीज. त्यासाठीचे व्यायाम: पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, दोन्ही 10-10 वेळा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. फरक दिसायला 6 ते 12 आठवडे जातात. दुसऱ्या आठवड्यात सोडू नका, मी तीच चूक केली होती.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेकजण उलटं करतात! मिरामारला (पणजीचा समुद्रकिनारा) चालायला जात असाल तर वाळूतून नको, तिथला उतार एकाच खुब्यावर भार टाकतो. सपाट रस्ता बरा. चतुर्थीच्या कामांत जमिनीवर मांडी घालून बसू नका, उंच खुर्ची घ्या.

पडल्यावर पाय टेकवत नसेल, ताप असेल, किंवा पूर्वी बरेच दिवस स्टिरॉइड घेतलं असेल, तर व्यायाम थांबवून लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, आणि सुरुवातीला ते एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.