ब्रेक बॅरल एअर रायफलवर स्कोप लावलाय पण झीरो (नेम धरतो तिथेच छर्रा लागणं) टिकतच नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की छर्रा खालीच लागतो, वरचा नॉब अपकडे संपेपर्यंत फिरवून झाला, आणि कसाबसा झीरो बसला तरी थोडे शॉट मारले की परत सरकतो. लगेच नवा स्कोप घ्यायला धावू नका. मला तरी हे दोन प्रॉब्लेम वाटत नाहीत, पहिल्यातूनच दुसरा निघाला असावा.

ब्रेक बॅरलमध्ये (बॅरल मधून मोडून छर्रा भरायची रायफल) बॅरल पुढून किंचित खाली झुकलेलं असणं एकदम कॉमन आहे. ओपन साइटने (रायफलवरच्या साध्या माशी-खाचेने) मारताना ते कळत नाही कारण बऱ्याच रायफलींवर दोन्ही साइट बॅरलच्याच भागावर असतात, पण स्कोप बसतो मागच्या ट्यूबवर, मग फरक उघडा पडतो. तो भरून काढायला आपण नॉब फिरवत जातो, आणि नॉब अपच्या टोकाला गेला की स्कोपच्या आतली स्प्रिंग ढिली पडते, दर झटक्याला आतली नळी जरा हलते आणि नेम भटकतो. म्हणून नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा आणि बरोबर निम्म्यावर आणून ठेवा, बाजूचा पण. मग स्कोप धरणाऱ्या मागच्या रिंगमध्ये स्कोपच्या खाली पातळ पट्टी घाला, जुन्या फिल्मचा किंवा कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा चालतो. हिशोब सोपा आहे, दोन रिंगांमध्ये 10 सेंमी अंतर असेल तर अर्धा मिमी पट्टीने 10 मीटरवर छर्रा साधारण 5 सेंमी वर येतो. त्याहून जास्त लागत असेल तर पट्ट्या रचत बसू नका, स्कोपची नळी वाकते, मागे उंच असलेला किंवा अ‍ॅडजस्टेबल माउंट (रिंगांसकट स्कोप रायफलवर धरणारा भाग) घ्या.

आता माउंट. स्प्रिंगवाल्या रायफलचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्यात माउंट हळूहळू मागे सरकतो. माउंटच्या मागे रेलवर (माउंट जिथे पकडतो ती रायफलवरची खाचांची पट्टी) पेन्सिलने रेघ मारा आणि वीसेक छर्रे मारून बघा, रेघ आणि माउंटमध्ये फट बदलली तर चोर सापडला. रेलवर स्टॉप पिनसाठी (माउंटला सरकू न देणारी पिन) भोक असेल तर पिन त्यात बसवा, नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉप लावा. रेल 11 मिमीची आहे का हेही बघा, रुंद रेलचा माउंट त्यावर नीट पकडत नाही. रेल आणि रिंगा तेलकट असतील तर पुसून कोरड्या करा. रिंगांचे स्क्रू एकाच बाजूने आवळू नका, आलटून पालटून थोडे थोडे, छोट्या अ‍ॅलन कीने हाताला घट्ट लागेपर्यंत, जास्त जोर लावला तर नळीच चेपते. आणि हो, स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू, ते ढिले असतील तर बाकी सगळी मेहनत पाण्यात, पहिल्यांदा तेच बघायचं खरं तर.

हे झाल्यावरच नॉबला हात लावा, तोही एका शॉटवर नाही. एकाच जातीचे पाच छर्रे मारा, त्यांचा ग्रुप (भोकांचा पुंजका) बघा, ग्रुपच्या मध्यावरून क्लिक करा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) क्लिक 25 मीटरवर फक्त 1.8 मिमी हलवतो, म्हणजे 10 मीटरवर पाऊण मिमी सुद्धा नाही, तेव्हा दोन-चार क्लिकने काहीच झालं नाही म्हणून घाबरू नका. रायफल घट्ट आवळून धरू नका किंवा टणक वस्तूवर टेकवू नका, पुढचा हात उघडा ठेवून त्यावर नुसती ठेवा, दर वेळी त्याच जागी. स्प्रिंगवाली याबाबतीत भयंकर नखरेल असते.

एवढं करून ओपन साइटने ग्रुप छान येतोय, रेघेपासून माउंट हललेला नाही, नॉब मध्यावर आहेत आणि तरीही स्कोपने छर्रे इकडेतिकडे जातायत, तर मग स्कोपच आतून गेलाय. बंदुकीचा साधा स्कोप हा उलटसुलट झटका सहन करेलच असं नाही, त्यामुळे नवा घेताना स्प्रिंगर एअर रायफलसाठी चालतो असं लिहिलेलाच घ्या, आणि 10 मीटरपर्यंत फोकस होणारा.