गुदगुल्या, राज्य आणि टाइमप्लीज

प्रश्न : नवऱ्याचे हात बांधून मी गुदगुल्या करते, दोघांनाही आवडतं. पण तो हसत-हसत 'नको, नको' म्हणतो, तेव्हा खरं काय मानायचं? (वय ३४, कोथरूड)

उत्तर : हसण्यावर जाऊ नका. काखेत, बरगड्यांवर बोटं फिरली की नको असलेल्या माणसालाही हसू फुटतं. 'नको' खेळातलाच असेल, तर थांबायला वेगळा शब्द ठरवा. लहानपणीचं 'टाइमप्लीज' छान चालतं. पण हसून दम लागला की तेवढंही तोंडातून निघत नाही. म्हणून त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा द्या. जुडगा पडला की तुमचे हात मागे, चुकून पडला तरीही. २०-३० सेकंद झाले की थांबा. तो एक सबंध वाक्य न धापता बोलला की पुढे. पहिल्या वेळी पाच मिनिटं पुष्कळ.

प्रश्न : ओढणीची गाठ सुटेना, बायकोचा अंगठा बधिर झाला. (वय २९, औंध)

उत्तर : गुदगुल्यांत माणूस हिसके देणारच, आणि हिसक्यागणिक ओढणीची गाठ आवळते. रुंद, मऊ वेल्क्रोचा पट्टा घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. हात डोक्यावर ताणून बांधू नका. मुंग्या आल्या, बोटं गार पडली की ताबडतोब सोडा. बधिरपणा टिकला किंवा मनगट उचलता येईना, तर डॉक्टरांकडे जा. बोथट टोकाची बँडेज कात्री उशाशी हवी. आणि बेल वाजली म्हणून बांधलेल्याला एकटं टाकून जायचं नाही, कुरिअरवाला थांबेल.

प्रश्न : पिसानं तळव्याला हसू येत नाही. (वय ४१, हडपसर)

उत्तर : येणारही नाही. हॉल आणि ॲलिन या मानसशास्त्रज्ञांनी १८९७ मध्येच हे दोन प्रकार वेगळे केले : हलक्या स्पर्शाची शिरशिरी आणि दाबाच्या गुदगुल्यांचं हसू. पायाची बोटं मागे धरून तळवा ताणा, थेंबभर खोबरेल लावा, बोटांची टोकं भरभर चालवा. बसायचं मात्र बाजूला. समोर बसलात तर लाथ नाकावर.

प्रश्न : आठवड्यातून एकदा गुदगुल्यांच्या खेळात राज्य बायकोचं, असं ठरलंय. पण ती मी भांडी घासतानाही मागून येते आणि 'तू कबूल केलंयस' म्हणते. (वय ३७, धनकवडी)

उत्तर : तुम्ही तेवढ्या वेळेपुरतं कबूल केलंय, आठवडाभरासाठी नाही. राज्य सुरू झाल्याची दिसणारी खूण ठेवा : मनगटावर पट्टा असेल तोवर तिचा हुकूम, काढला की संपलं. कुठे हात लावायचा नाही आणि किती वेळ, हे पट्टा बांधण्याआधी, शांत डोक्यानं ठरवा. बांधल्यावर नवीन कलमं घालायची नाहीत. तरीही ती भांड्यांपाशी येत असेल, तर हा खेळ काही आठवडे बंद ठेवून आधी त्यावर बोला.

प्रश्न : पेठेतलं जुनं घर, भिंतीपलीकडे शेजारी. तोंडात बोळा चालेल? (वय ३१)

उत्तर : अजिबात नाही. हसताना श्वास तोंडानंच घ्यावा लागतो. पलंग त्या भिंतीपासून हलवा, पंखा मोठा करा. जेवून लगेच नको, आधी बाथरूमला जाऊन या. दमा असेल तर पंप हाताशी ठेवा, कारण हसण्यानंही धाप लागते.