‘आज चढलंय की उतरलंय?’ : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, वय ३४. दोन वर्षांमागं बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं तो आजार) म्हणून निदान झालं, गोळ्या चालू आहेत, एकदाही चुकवलेल्या नाहीत. तरी रोज सकाळी डोळे उघडले की पोटात गोळा येतो, आज कसला दिवस असणार काय की. बरं वाटलं म्हणून दोन गाणी गुणगुणली तर बायको बघत बसते, परत चढलं की काय याचं, आणि जरा गप्प बसलो तर आई म्हणते सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन ये. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, नाईटच्या आठवड्यात तर जास्तच विचित्र होतं. हे रोजचं वर-खाली सांभाळायचं कसं? गोळ्या लागू पडेनात काय? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझा मोठा भाऊ अठरा वर्षं याच आजाराबरोबर राहतोय आणि आमच्या वडगावच्या घरात आम्हीसुद्धा त्याच्या हसण्याकडं असंच टक लावून बघायचो, त्याला बिचाऱ्याला धड हसताही येईना, आज त्याचं फार वाईट वाटतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळं डोसाचं मी काही बोलणार नाही. घरात राहून जे शिकले तेवढं सांगते.

एका दिवसावरून आजार परत आला असं ठरवू नका. मॅनिया, म्हणजे मन फार चढलेलं, म्हणायला डॉक्टर साधारण आठवडाभर टिकलेली लक्षणं बघतात (अॅडमिट करायची पाळी आली तर मग दिवस मोजत बसत नाहीत), त्याच्याहून सौम्य हायपोमॅनियाला निदान चार दिवस आणि डिप्रेशनला दोन आठवडे. सकाळी उदास, दुपारी बरं, संध्याकाळी चिडचिड, हे माझंपण होतं, तुमच्या बायकोचंपण होत असेल. म्हणजे गाणं गुणगुणलं तर गुणगुणू दे की. मात्र उदासी हलकी असली तरी दिवसामागून दिवस चिकटून राहायला लागली तर ते डॉक्टरांना सांगा, गोळ्या कमी-जास्त करायच्या का ते त्यांना त्यावरूनच कळतं.

आता खरं दुखणं, ते तुमच्याच पत्रात आहे. नाईट शिफ्ट! मन कसं आहे ते रोज तपासण्यापेक्षा झोप तपासा. या आजारात झोप मोडली की मॅनिया यायला वाट मिळते, आणि मॅनिया यायला लागला की आधी झोपच कमी होते, तीन तास झोपूनही माणूस एकदम ताजातवाना, थकवा म्हणून नाही. आमच्या भावाची खूण ठरलेली, पहाटे तीनला उठून मागाची खोली झाडायला लागला की समजायचं. एका गणपतीत मंडळासाठी सलग चार रात्री जागला आणि अनंत चतुर्दशीच्या आतच घरातले दोन माग विकून टेम्पो घ्यायला निघाला, गिऱ्हाईकसुद्धा ठरवून आलेला, आई रडून रडून थकली. त्या चार रात्री आम्ही त्याला झोपवला असता तर, असं अजून मनात येतं.

म्हणून डॉक्टरांकडनं एक चिठ्ठी घ्या, तब्येतीच्या कारणानं रात्रपाळी नको एवढंच लिहिलेली, आजाराचं नाव त्यात टाकायची गरज नाही, आणि सुपरवायझरला भेटून कायम फर्स्ट शिफ्ट मागा, पगारात थोडं कमी पडलं तरी चालेल. फर्स्ट मिळाली की सुट्टीच्या दिवशीपण त्याच वेळेला उठायचं, जेवणाची वेळपण तीच, रात्री दहानंतर मोबाईल बायकोकडं. ऐकायला साधं वाटतं, पण आमच्या घरात सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

एक वही करा. रात्री झोपताना एकदाच लिहायचं, काल किती वाजता झोपलो, आज किती वाजता उठलो, आणि मनाला एक आकडा, एकदम खाली उणे ३, मधे शून्य, एकदम वर अधिक ३. दिवसभर दर तासाला नाडी बघत बसू नका, त्यानंच भीती वाढते. आपल्या भागात अजून एक अडचण असते, डॉक्टर कन्नड बोलणारे, आपण मराठी, आतलं दुखणं दुसऱ्या भाषेत सांगताना निम्मं तोंडातच राहतं. भाऊ धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात, दाखवायला जायचा तेव्हा वही पुढं ठेवायचा, आकड्यांना भाषा लागत नाही, डॉक्टर पानं चाळून लगेच विचारायचे की या आठवड्यात झोप का उतरली.

बायकोबरोबर बरं असतानाच बसून ठरवा की तिनं कोणत्या खुणांना बोलायचं. सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली, बोलणं कुणाला तोडू देईना असं झालं, किंवा मोठ्या खरेदीचं वेड लागलं, तर ती डॉक्टरांना फोन करणार आणि एटीएम कार्ड तिच्याकडं जाणार, तुम्ही वाद घालायचा नाही. बाकी वेळेला तिनं टक लावून बघायचं नाही, हेपण तेव्हाच ठरवून टाका, तिलापण जरा श्वास मिळेल.

उतरलेल्या दिवशी फक्त अंघोळ, जेवण, गोळी आणि दहा मिनिटं बाहेर चालणं, एवढं झालं तरी पुष्कळ. मेडिकलमधून आपल्या मनानं डिप्रेशनची गोळी आणू नका, बायपोलरमध्ये ती एकटी घेतली तर उलटून मॅनिया येऊ शकतो. आईंचं मन मोडू नका, सौंदत्तीला जाऊन या, पण गोळ्या पिशवीत घेऊन, आणि जत्रेत रात्र जागवू नका. आणि जगणं नको असं मनात आलं तर त्याच दिवशी घरात सांगा, डॉक्टरांकडं जा, रात्री-अपरात्री १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते.

प्रश्न : आमच्या सासूबाई लिथियमवर (बायपोलरची गोळी) आहेत, तब्येत चांगली आहे. यंदा आषाढीला दिंडीतून चालत पंढरपूरला जायचं म्हणतात. पाठवू काय? – एक सून, निपाणी

उत्तर : वहिनी, आधी डॉक्टरांना विचारा आणि निघण्याआधी रक्तात लिथियम किती आहे ते तपासून घ्या, किडनी आणि थायरॉइडचीपण तपासणी बऱ्याच दिवसांत झाली नसेल तर तीपण. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात, म्हणजे रात्रीची गोळी घेतली असेल तर सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. लिथियम हे एक प्रकारचं मीठच आहे, घाम जास्त गेला, पाणी-मीठ कमी पडलं की किडनी ते धरून ठेवते आणि अंगात वाढत जातं. म्हणून कडक निर्जळी एकादशी त्यांनी करू नये, माउली काही रागावणार नाही. पाय दुखले म्हणून दिंडीत कुणी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन दिलं तर घेऊ देऊ नका, त्यानंसुद्धा लिथियम वाढतं, पॅरासिटॅमॉल चालतं.

हात जोरात थरथरायला लागले, उलटी-जुलाब, चालताना झोक, जीभ जड, यातलं काहीही दिसलं तर गोळी थांबवून तडक दवाखान्यात न्या. सगळे टप्पे चालायलाच पाहिजेत असं नाही, मधेमधे गाडीत बसवा, आणि बरोबर एक माणूस असा द्या ज्याला त्या लिथियम घेतात हे माहीत आहे. औषधाची चिठ्ठी त्यांच्या बटव्यात राहू दे.