आधी इंजेक्शनचं अंतर बघा, मग गोळीचा विचार करा

प्रश्न : वय ४६. टेस्टोस्टेरॉन कमी निघाल्यामुळे दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतो. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, पुरळ येतं. तिसऱ्या आठवड्यात अंगात त्राण उरत नाही. आता स्तनाग्रांखाली दुखतं. इस्ट्रॅडिओल (मुख्य स्त्री-हार्मोन) ५४ आलं. जिममधला मित्र इस्ट्रॅडिओल कमी करणारी अ‍ॅनास्ट्रोझोल गोळी घे म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. तुमचा त्रास तारखेप्रमाणे चढतो-उतरतो आहे, म्हणजे पहिला संशय इंजेक्शनच्या अंतरावर घ्यायला हवा. हे औषध तेलात असतं आणि स्नायूतून हळूहळू रक्तात उतरतं. तरी पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी शरीराच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाते आणि तिसऱ्या आठवड्यात पार खाली येते. चढत्या दिवसांत चरबीतलं अ‍ॅरोमाटेज हे विकर जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिओल बनवतं. पोटाचा घेर मोठा असेल तर आणखी जास्त.

तुमचा ५४ हा आकडा कितव्या दिवसाच्या रक्तातला, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. दुसऱ्या दिवशीचं रक्त असेल तर तो शिखराचा आकडा झाला. एनान्थेट घेणाऱ्याने दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर रक्त द्यावं. तेव्हा टेस्टोस्टेरॉन साधारण ३५० ते ६०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असावं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने हार्मोनचे आकडे चुकीचे येतात.

तुमचा डोस आठवड्याला साधारण ८३ मिलिग्रॅम पडतो. तोच ७५ ते १०० मिलिग्रॅम असा दर आठवड्याला घेतला तर चढउतार बराच कमी होतो. हा बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या. आणि २५० च्या अँप्यूलमधलं उरलेलं औषध पुढच्या आठवड्यासाठी मुळीच ठेवू नका. फोडलेली काच निर्जंतुक राहत नाही.

अ‍ॅनास्ट्रोझोलबद्दल स्पष्टच सांगतो. पुरुषालाही इस्ट्रॅडिओल लागतं : हाडांना, कामेच्छेला, चरबी आटोक्यात राहायला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टेस्टोस्टेरॉनसोबत अ‍ॅनास्ट्रोझोल दिलेल्या पुरुषांची चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. म्हणजे ज्यासाठी उपचार सुरू केले, तेच हातचं जाणार. स्तनाग्रामागे रबरी चकतीसारखं लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा स्राव येत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

इस्ट्रॅडिओलपेक्षा मला काळजी आहे ती हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीची), ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात, आणि मोठ्या डोसच्या इंजेक्शनवर जास्तच. उपचारांआधी, मग तीन ते सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी हा आकडा बघायचा. ५४ टक्क्यांच्या वर गेला तर पुढचं इंजेक्शन थांबवून तो उतरू द्यायचा आणि नंतर कमी डोसने सुरुवात करायची. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही तपासून घ्या. त्यानेही हिमॅटोक्रिट चढतं. पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणीही याच वेळापत्रकात बसवा.

प्रश्न : वय ३४. हेच इंजेक्शन चालू आहे, आम्हाला मूल हवं आहे. चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स पाठवायचं थांबवते, आणि शुक्रजंतूंची संख्या शून्यावरही जाऊ शकते. वीर्यतपासणी करून घ्या आणि इंजेक्शन थांबवण्याबद्दल लगेच बोला. दोष पिट्युटरीत असेल तर एलएचसारखं काम करणाऱ्या एचसीजी हार्मोनची इंजेक्शनं वृषणांना पुन्हा कामाला लावू शकतात. दोष वृषणांतच असेल तर त्यांचा फारसा उपयोग नाही, म्हणून उपचारांआधीचा एलएचचा रिपोर्ट शोधून सोबत न्या. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. संख्या परत यायला बहुधा सहा महिने, कधी वर्षाहून जास्त.